बर्फावरची एकांकिका : स्की-स्नोबोर्ड छायाचित्र स्पर्धेत संघ म्हणून उतरताना

माझं काम मीना अल-अहमदीला, राहणं शेजारच्या फहाहीलला. आजच्या भागाचा विषय ऐकून आमच्या इमारतीतले दोघे हसले होते, तेव्हा तुम्हीही हसलात तर राग नाही. विषय आहे बर्फावरच्या छायाचित्रांची सांघिक स्पर्धा. म्हणजे काही जणांनी स्की किंवा स्नोबोर्डवर उतरायचं, एकानं किंवा दोघांनी फोटो काढायचे, आणि सगळ्यांनी मिळून ठरलेल्या मुदतीत एक चित्रमालिका सादर करायची.

कुवेत आणि बर्फ हे जरा विचित्रच वाटतं, कबूल आहे. याच देशात मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेनं ते मान्यही केलं. पण याच देशात डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या दक्षिणेला उम्म अल-हैमान भागात इतक्या गारा पडल्या की रस्ते पांढरे झाले आणि पोरं गारांचे गोळे करून एकमेकांना मारत होती. बर्फाचं वेड लागायला बर्फाजवळ राहावं लागत नाही. तुमच्यापैकी जे झुरिचला, टोरांटोला किंवा डेन्व्हरला आहेत त्यांना डोंगर जवळ आहे. आम्हा आखातवाल्यांना विमान पकडावं लागतं, एवढाच फरक.

आधी स्पर्धा कशी असते ते सांगतो. कॅनडात व्हिसलर ब्लॅककोम्ब या मोठ्या स्की केंद्रावर ‘डीप विंटर फोटो चॅलेंज’ नावाची स्पर्धा होत आलेली आहे. त्यात निवडक छायाचित्रकारांना जानेवारीत, म्हणजे ऐन वादळी दिवसांत, ७२ तास मिळतात. प्रत्येकाबरोबर स्की आणि स्नोबोर्ड करणाऱ्यांचा छोटा चमू असतो. त्या ७२ तासांत काढलेल्या फोटोंचा स्लाइड शो करायचा आणि तो भरलेल्या सभागृहासमोर दाखवायचा. ती व्यावसायिकांची स्पर्धा, निमंत्रणावर चालणारी. आपण हौशी माणसं. पण हौशी क्लब, स्की केंद्रं आणि कंपन्यांचे क्रीडागट ज्या स्पर्धा भरवतात, त्यांचा साचा साधारण तोच असतो : मर्यादित दिवस, मर्यादित जागा, मर्यादित चित्रं, आणि गुण एकेका फोटोला नव्हे तर सबंध मालिकेला.

आता हा साचा ओळखीचा वाटतोय का? मला तर लगेच पुरुषोत्तम करंडक आठवला. एकांकिकेला जसा घड्याळाचा काटा असतो, तसा इथेही. जशी तिथे लाइट्सवाल्यानं दोन सेकंद उशीर केला की नटाची मेहनत पाण्यात, तसंच इथेही. आणि बक्षीस मिळालं की नाव कुणाचं, यावरून विंगेत जे होतं, तेही इथे होतं. एमबीएला असताना ग्रुप प्रोजेक्ट नावाचा प्रकार सगळ्यांनी भोगलाय. पाच नावं आणि काम एकाचं. बर्फावर हे चालत नाही, कारण वरून सुटणारा माणूस आणि खाली कॅमेरा घेऊन बसलेला माणूस यांच्यात दीड-दोनशे मीटरचं अंतर असतं आणि मध्ये उंचवटा असतो. दोघं एकमेकांना दिसतही नाहीत. म्हणून फोटो शटर दाबताना होत नाही. तो वरचा माणूस सुटण्याआधीच, बोलण्यात ठरलेला असतो. संघाची सगळी परीक्षा त्या दोन मिनिटांच्या बोलण्यात आहे.

थोडं गणित करू, सवय आहे म्हणून. तीन दिवस आहेत असं धरा. जानेवारीत काश्मीरच्या अक्षांशावर उजेड साधारण दहा तास, पण त्यातला तिरपा, बर्फाचा पोत दाखवणारा उजेड सकाळी दोन आणि संध्याकाळी दीड तास. म्हणजे तीन दिवसांत साडेदहा तास. एका चित्राची जागा ठरवणं, बोलणं, वर जाणं, उतरणं यात पंचवीस मिनिटं सहज जातात. हाताशी आले पंचवीस प्रयत्न. त्यातले निम्मे ढगामुळे, पडण्यामुळे किंवा फोकस चुकल्यामुळे बाद. उरली बारा चित्रं. यात लिफ्टची रांग धरलेली नाही! हा हिशेब माझा अंदाजाचा आहे, पण एकदा तो कागदावर मांडला की ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणणारा मेंबर गप्प होतो. बारा चित्रांची कच्ची यादी घरून नेली तरच त्यातली आठ हाती लागतात.

स्की आणि स्नोबोर्ड एकाच संघात असतील तर एक गोष्ट आधी समजून घ्या. स्कीवाला पुढे तोंड करून येतो. त्याचा फोटो डावीकडून घ्या की उजवीकडून, चेहरा मिळतो. स्नोबोर्डवाला आडवा उभा असतो. ज्याचा डावा पाय पुढे, त्याची छाती त्याच्या उजव्या बाजूला वळलेली. ज्याचा उजवा पाय पुढे, त्याचं उलट. चुकीच्या बाजूला बसलात तर अख्ख्या मालिकेत त्याची पाठच दिसेल. तेव्हा संघातल्या प्रत्येक बोर्डवाल्याचा कोणता पाय पुढे असतो हे छायाचित्रकाराला पाठ हवं. दुसरी गोष्ट, सपाट वाट आली की स्कीवाला काठ्या मारत पुढे जातो. बोर्डवाला मात्र अडकतो, मागचा पाय सोडवून ढकलत ढकलत येतो आणि घामाघूम होतो. जागा निवडताना तिथवर जायला सपाट पट्टा लागतो का हे पाहिलं नाही, तर पंचवीस मिनिटांची चाळीस होतात आणि संघात पहिली कुरकुर तिथेच सुरू होते.

कॅमेऱ्याकडे वळू. बर्फाचे फोटो राखाडी का येतात हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरतं. समोर सगळं पांढरं असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते चित्र काळवंडवतं. म्हणून एक्स्पोजर मुद्दाम एक ते दोन पायऱ्या वाढवायचं. मोबाइलवरही बोटानं उजेडाची पट्टी वर सरकवता येते. वेगासाठी शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद. उडी असेल तर दोन हजारांश. फोकस माणूस येईपर्यंत थांबून नाही धरायचा. तो जिथे वळणार तिथे आधीच काठी रोवून किंवा हातमोजा ठेवून फोकस साधायचा आणि मग हातमोजा उचलायचा. (उचलायला विसरू नका. चित्रात हातमोजा फार उठून दिसतो.) कपडे लाल, केशरी, पिवळे. पांढरं जाकीट छान दिसतं दुकानात.

हा सराव कुवेतमध्ये होतो, आणि तो वाळूवर होतो. दुपारची कोरडी वाळू कॅमेऱ्याला बर्फासारखीच फसवते. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत वाळवंटातल्या तंबूंचा हंगाम असतो, तेव्हा पोरांना एखाद्या उतारावरून पळवा आणि तिरप्या उन्हात फोटो काढा. वाळू उडते ती बर्फाच्या भुकटीसारखीच उडते. मागून ऊन आलं तर ती उजळते, समोरून आलं तर नाहीशी होते. एवढं एक कळलं तरी अर्धी स्पर्धा कळली. फक्त दोन पथ्यं. १९९०-९१ च्या युद्धातला न फुटलेला दारूगोळा अजूनही वाळवंटात अधूनमधून सापडतो, विशेषतः पावसानंतर वर येतो. म्हणून लोकांच्या नेहमीच्या वावराच्या जागा सोडून जाऊ नका आणि धातूचं काही दिसलं तर हात लावू नका. आणि तेलाची ठिकाणं, बंदर, रिफायनरी यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. संध्याकाळी इथली ज्योत कितीही सुंदर दिसली तरी नाही. २०१० मध्ये मोठ्या कॅमेऱ्यांवर कुवेतमध्ये सरसकट बंदी आल्याची बातमी जगभर फिरली होती. ती देणाऱ्या वृत्तपत्रानं नंतर ती मागे घेतली. पण लोकांच्या, विशेषतः बायका-मुलांच्या परवानगीशिवाय फोटो काढू नयेत ही समज मात्र इथे पक्की आहे, आणि ती चांगलीच आहे.

खऱ्या बर्फाची तोंडओळख दुबईत होते. तिथल्या मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई २००५ मध्ये सुरू झालं. साडेबावीस हजार चौरस मीटर, सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा, आणि तापमान शून्याच्या खाली. तिथे पाय रोवायला, पडायला, उठायला शिकता येतं. फोटोंसाठी मात्र ते फसवं आहे. दिव्यांचा उजेड सगळीकडून येतो, सावली पडत नाही, आणि सावलीशिवाय उताराचा चढउतार चित्रात दिसत नाही. शिवाय कृत्रिम दिव्यांत जलद शटर वापरलं की लागोपाठच्या फोटोंचा रंग बदलतो. संघाचं बोलणं पक्कं करायला तिथे जा, चित्रं काढायला नको.

आखातातली बरीच कुटुंबं जॉर्जियातल्या गुदाउरीला जातात. तिबिलिसीपासून सुमारे १२० किलोमीटर, जुन्या लष्करी रस्त्यावर. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा इकामा हातात असला तरी तिकीट काढण्याआधी पाहून घ्या. दुसरी जागा आपली, गुलमर्ग. तिथला गोंडोला दोन टप्प्यांचा. पहिला १९९८ मध्ये, दुसरा २००५ मध्ये सुरू झाला, आणि दुसरा अफरवतच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळही तिथे होऊ लागले. छायाचित्रकाराच्या दृष्टीनं या दोन जागांत एक मोठा फरक आहे. गुदाउरीचा बहुतेक भाग झाडांच्या रेषेच्या वर आहे. ऊन असेल तर स्वर्ग, पण ढग आले की आकाश आणि जमीन एकच होते; स्कीवाल्यालाही खड्डा दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही. गुलमर्गला खाली देवदारांसारख्या सूचिपर्णी झाडांचं रान आहे. वाईट उजेडात झाडांत शिरायचं; काळी खोडं आली की पांढऱ्याला आकार येतो. ज्या स्पर्धेत दिवस निवडता येत नाही तिथे हे फार मोलाचं आहे. गुलमर्गला जाणाऱ्यांनी आणखी लक्षात ठेवा, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. सॅटेलाइट फोन तर परवानगीशिवाय भारतात आणायचाच नाही. आणि बर्फाची हमी हल्ली कुणी देत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते, बर्फ आला महिना संपता संपता. सुट्टी एकदाच मिळते अशांनी फेब्रुवारी धरावा.

आता ज्यासाठी हा भाग करावासा वाटला ते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावर हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्गच्या बाजूला पुन्हा तसंच झालं, त्यात रशियाचा एक जण गेला. ही मंडळी बर्फ न पाहिलेली नव्हती. आखलेल्या, तपासलेल्या उतारांच्या बाहेरचा अस्पर्श बर्फ सगळ्यांनाच ओढतो, आणि छायाचित्रकाराला जास्तच, कारण त्यावर आधीच्या कुणाच्या रेघा नसतात. बाहेर जायचं तर अंगावर बीकन, पाठीवर फावडं आणि शोधकाठी, सोबत स्थानिक गाईड, आणि ती साधनं वापरायचा सराव हवा. गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात; मदत बाहेरून येईपर्यंत ती संपलेली असतात, म्हणजे शोधायचं असतं ते आपल्याच संघाला. कुटुंबाचा संघ असेल तर माझं मत स्पष्ट आहे : आखलेल्या उतारांच्या आतच राहा. स्पर्धेच्या नियमांत बाहेर जायला मुभा असली तरी.

आतही धोका असतो, आणि तो बहुधा आपणच तयार करतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे वागणुकीचे दहा नियम आहेत. त्यातला एक सांगतो की वरून येणाऱ्यानं खालच्याला सांभाळायचं; दुसरा सांगतो की अरुंद किंवा वरून न दिसणाऱ्या जागी थांबायचं नाही. आणि फोटो काढणारा नेमका कुठे बसतो? उंचवट्याच्या खाली, कारण तिथून उडी मोठी दिसते. म्हणून संघात एक माणूस असा हवा, की जो स्की करत नाही आणि फोटोही काढत नाही. तो उंचवट्यावर उभा राहून दोन्ही बाजू पाहतो आणि परक्यांना हात करून वळवतो. आमच्याकडे आम्ही त्याला ‘फाटकवाला’ म्हणतो. फाटक बंद म्हणजे बंद. हातात वॉकीटॉकी, आणि ती बिघडली तर डोक्यावर दोन्ही हातांची फुली म्हणजे थांब. फाटकवाल्याचं काम कुणालाच नको असतं, म्हणून ते आळीपाळीनं द्या, पण रिकामं ठेवू नका.

आणि नकार. वर उभ्या असलेल्या माणसाला, तो बारा वर्षांचा असो की बावन्न वर्षांचा, कारण न देता नाही म्हणता आलं पाहिजे. हे बोलायला सोपं आहे. गेल्या हंगामात आमच्या गटातली एक चौदा वर्षांची मुलगी वर उभी होती. ऊन अगदी हवं तसं, खाली बाबा, काका, मी, तिघेही तयार. वॉकीटॉकीवर ती म्हणाली, ‘काका, नको वाटतंय.’ पाच-सहा सेकंद कुणी काही बोललं नाही. तेवढ्या शांततेतसुद्धा दबाव असतो, हे मला तेव्हा कळलं. मग तिचे बाबा म्हणाले, ‘बरं, बाजूनं चालत ये, चहा घेऊ.’ ते चित्र आमच्या मालिकेत नाही, आणि आमचा नंबरही आला नाही. तेव्हापासून आम्ही ठरवलंय की नकाराला उत्तर एकच, ‘बरं’, आणि तेही लगेच. ‘एकदा करून तर बघ’, ‘अगं काही होत नाही’, ‘एवढ्या लांब आलोय’ ही तीन वाक्यं बर्फावर बंद. घरी आईबापांनी ती कितीही वापरली असली तरी.

निवडीच्या रात्री भांडणं होतात, त्याचीही तयारी ठेवा. प्रत्येक बापाला आपल्या पोराची उडी सर्वांत उंच वाटते. आम्ही एक साधा नियम केलाय. स्वतःचं किंवा आपल्या मुलाचं चित्र निवडताना बोलायचं नाही. फार उपयोगी पडतो. आणखी एक, परीक्षक मालिका पाहतात. बारा उड्या सलग पाहून तेही जांभया देतात. पहिलं चित्र जागेचं, मधे एखादी पडलेली काठी, लिफ्टच्या रांगेतले थिजलेले चेहरे, हीटरवर वाळणारे मोजे, कहव्याच्या कपाभोवतीची लाल बोटं, आणि मग ती एक उडी. एकांकिकेत मध्येच जो शांत प्रसंग असतो, तो इथेही लागतो. ज्या मुलाला अजून नीट स्की येत नाही त्याचं सर्वांत चांगलं चित्र बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

नियमावली आधी वाचा, शेवटच्या रात्री नाही. बहुतेक ठिकाणी मूळ फाइल मागतात, दोन फोटो जोडलेले किंवा एआयनं काही घातलेलं-काढलेलं चालत नाही. स्लाइड शोला संगीत लागतं तिथे आवडीचं जुनं गाणं टाकायचा मोह होतो. हक्क नसतील तर बाद व्हाल, त्यापेक्षा संघातल्या कुणी पेटी वाजवत असेल तर तीच रेकॉर्ड करा. आयोजक तुमची चित्रं पुढे कुठे वापरू शकतात ते कलम दोनदा वाचा, मुलं चित्रात असतील तर तीनदा, आणि ज्याचं मूल त्याची लेखी संमती घ्या. श्रेयनामावलीत फाटकवाल्याचं नावही घाला.

थंडीत बॅटरी लवकर माना टाकतात. जादाच्या दोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. मेलेली वाटणारी बॅटरी गरम झाली की पुन्हा थोडी चालते. उबदार खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर काचेवर आणि आत पाणी धरतं. ऑगस्टमध्ये एसी गाडीतून फहाहीलच्या किनाऱ्यावर उतरल्यावर चष्म्याचं जे होतं तेच, फक्त उलट्या बाजूनं. कार्डावरचे फोटो मात्र त्याआधीच, बाहेर उभं राहून कार्ड काढून खिशात घाला, म्हणजे तो तास वाया जात नाही.

शेवटचं, चित्रं पाठवण्याबद्दल. डोंगरावरच्या हॉटेलचं वायफाय संध्याकाळी सात ते दहा रडतं, कारण सगळेच तेव्हा घरी व्हिडिओ कॉल करत असतात. पहाटे पाठवा. आणि मुदत कोणत्या घड्याळानं ते पाहा. कुवेत भारताच्या अडीच तास मागे आहे, जॉर्जिया कुवेतच्या एक तास पुढे. आयोजक कॅनडाचे असतील तर त्यांची रात्र म्हणजे आपली दुसरी सकाळ.